रॉकेट जमिनीला ढकलतं का?

शिराळा तालुक्यातल्या एका मॅडमनी विचारलं आहे: "मागच्या वर्षी सातवी-आठवीच्या मुलांकडून पाण्याचं रॉकेट करून घेतलं. मुलं बेहद्द खूश झाली. पण सहामाहीला 'रॉकेट वर का जाते?' असा प्रश्न टाकला, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 'पाणी जमिनीला ढकलते म्हणून.' दोन दिवस घालवले, मग मुलं शिकली काय? यंदा करावं का, आणि केलं तर कसं? आमचं मैदानही लहान आहे."

मॅडम, यंदाही कराच. तासगाव भागातल्या माध्यमिक शाळेत मी २२ वर्षं विज्ञान शिकवतोय आणि गेली १४ वर्षं आठवीकडून पाण्याचं रॉकेट करून घेतोय, म्हणजे बाटलीत थोडं पाणी घालून, पंपानं हवा भरून ती तोंड खाली ठेवून सोडायची. पहिली तीन वर्षं मलाही अगदी हीच उत्तरं मिळाली होती. उत्तरपत्रिका तपासताना वाटायचं, आपल्या शिकवण्यात कुठेतरी मोठं भोक आहे. ते सापडायला वेळ लागला. उड्डाण पाच सेकंदांत संपतं आणि त्या पाच सेकंदांत मूल विचार करत नाही, आ वासून वर बघतं. ते बघायलाच पाहिजे. विचार होतो तो उड्डाणाच्या आधी आणि दोन उड्डाणांच्या मध्ये. मी ती वेळ बाटल्या भरण्यात आणि मुलांना रांगेत उभं करण्यात घालवत होतो.

तुमच्या मुलांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, हे आधी लक्षात घ्या. पाणी जोरात खाली आलं, जमिनीवर आदळलं, चिखल उडाला, रॉकेट वर गेलं. काठीनं जमीन रेटली की आपण मागं सरतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. म्हणून 'जमिनीला ढकलतं' हे उत्तर वर्गात फळ्यावर लिहून पुसलं जात नाही. ते खोटं ठरताना मुलांना दिसावं लागतं. मी पहिला पूर्ण तास त्यासाठी देतो आणि त्या तासाला बाटली वर्गात आणतही नाही.

त्या तासाला लागतो पाण्याचा नळ, आठ-दहा फूट लवचिक पाईप आणि अर्धा इंची एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला पाईपचा जोड. पाईप खिडकीच्या गजावरून असा सोडायचा, की त्याचं टोक जमिनीपासून हातभर वर मोकळं लोंबेल. टोकाला एल्बो बसवायचा, म्हणजे पाणी आडवं बाहेर पडेल. नळ सोडण्याआधी विचारायचं, पाणी डावीकडे गेलं तर पाईप कुठे जाईल? मुलं हात वर करतात, वाद घालतात. नळ सोडला की पाईप उजवीकडे सरकतो आणि तिथेच तिरका थांबतो. टाकीचा दाब कमी असेल तर एल्बोच्या तोंडात अरुंद नोझल घाला, चार बोटं तरी सरकतोच. आता पाण्याच्या धारेसमोर वीतभर अंतरावर फळी धरा. मुलांना वाटतं, पाण्याला आता ढकलायला काहीतरी मिळालं, पाईप जास्त मागं जाईल. तो जात नाही. फळी काढा, तरी तो तिथेच. मागच्या भिंतीवर खडूनं पाईपची जागा आखून ठेवा, म्हणजे वाद उरत नाही. पाणी पुढे कशावर आदळतं, याच्याशी पाईपला काही देणंघेणं नाही. पाईपनं पाण्याला एकीकडे लोटलं तेव्हाच पाण्यानं पाईपला दुसरीकडे लोटलं, सगळा व्यवहार तोंडापाशीच झाला.

एका वर्षी हा प्रयोग चालू असताना आठवीतली एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. घरी द्राक्षबाग. म्हणाली, "सर, पप्पा फवारणीचा पंप धुताना नुसतं पाणी मारत्यात, तवा मी गन धरते. गन सोडली की हात मागं येतोय. समोर वेल असूदे, नाहीतर मोकळं रान असूदे." मी खडू खाली ठेवला. मला जे सांगायला पाऊण तास लागत होता ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि तिच्या शेजारच्या चौघींनी माना डोलावल्या, कारण त्यांच्याही घरी पंप होता. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडीला आधी विचारतो, गन कुणी कुणी धरली आहे? तुमच्या शिराळ्याकडे भात आणि ऊस जास्त, पण मोटारीच्या पाईपचं टोक हातात धरलेली मुलं तुम्हालाही भेटतील. त्यांना बोलतं करा. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकात नववीच्या 'गतीचे नियम'मध्ये येतो. आठवीला त्याचं नाव नसलं तरी चालतं, हाताला बसलेला रेटा आठवला पाहिजे.

दुसऱ्या तासाला बाटली काढायची. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळतो, तुम्हीही रेंगाळा. दोन लिटरची बाटली दाखवून एकच प्रश्न विचारायचा: रॉकेट सर्वांत उंच जायला यात पाणी किती भरायचं? काहीच नाही, पाव, एक तृतीयांश, निम्मं, पाऊण की काठोकाठ? प्रत्येकानं आपापल्या वहीत अंदाज लिहायचा, खाली कारण लिहायचं आणि वही मिटायची. फळ्यावर फक्त आकडे मांडायचे, कुठल्या पर्यायाला किती मुलं. माझ्या वर्गात दर वर्षी दोन मोठे गट पडतात. एक म्हणतो पाणी जास्त म्हणजे जोर जास्त, म्हणून काठोकाठ. दुसरा म्हणतो हलकं तेच उंच जाणार, म्हणून रिकामी. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे, म्हणून हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

मग मैदान. प्रत्येक वेळी दाब तोच, ३० पीएसआय. बदलायचं फक्त पाणी. पहिल्यांदा रिकामी बाटली. ती फट् करून उडते आणि शाळेच्या कौलांच्या आसपास जाऊन गिरक्या घेत खाली येते. 'रिकामी' म्हणणारे टाळ्या वाजवतात. मग काठोकाठ भरलेली. ती जेमतेम हलते, भसकन थोडं पाणी सांडतं आणि बाटली तिथेच कलंडते. आता 'काठोकाठ' म्हणणारे गप्प. नंतर पाऊण, जी जडपणे उठते आणि पोटात पाणी घेऊनच परत येते. निम्मी बरीच वर जाते. आणि मग एक तृतीयांश. ती सुटते तेव्हा आवाजच वेगळा येतो, नारळाच्या शेंड्याच्याही वर जाते आणि मैदान एक क्षण शांत होतं.

इथे मुलांना लगेच उत्तर देऊ नका. त्याच दिवशी त्यांना वर्गात नेऊन वही उघडायला लावा आणि स्वतःच्या अंदाजाखाली लिहायला सांगा, मी काय म्हणालो होतो, झालं काय, आणि का. मी मदत म्हणून फक्त बेचकी आठवायला सांगतो. बेचकीत रबर असतं आणि खडा असतो. नुसतं रबर ताणून सोडलं तर झटका वाया जातो, नुसता खडा हातात धरला तर तो पडून राहतो. बाटलीत दाबलेली हवा हे रबर आणि पाणी हा खडा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत खडा आहे, रबर नाही, कारण पाणी दाबून लहान होत नाही. रिकाम्या बाटलीत रबर भरपूर आहे, खडाच नाही. हे कुणीतरी मूल स्वतःच्या तोंडानं बोलेपर्यंत मी थांबतो. एखाद्या वर्षी पूर्ण तास जातो. जाऊ द्यावा.

नववीची मुलं असतील किंवा आठवीतली चुणचुणीत असतील, तर आकडे मांडा. दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीत ३० पीएसआयला मिळून जवळपास ७ ग्रॅम हवा असते आणि त्यातली पाचेक ग्रॅमच बाहेर पडते. ती पाण्यापेक्षा कितीतरी वेगानं पडते, पण वस्तुमान नगण्य. एक तृतीयांश भरलेल्या बाटलीतून सुमारे ६५० ग्रॅम पाणी बाहेर पडतं. रॉकेटचं स्वतःचं वजन पंख आणि टोपीसकट १२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे उडताना एकूण वजनाच्या पाच षष्ठांश भाग मागे फेकून द्यायचाय. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटचं उड्डाणावेळचं वजन सुमारे ६४० टन होतं आणि यान ४ टनांपेक्षा थोडं कमी. 'एवढं मोठं रॉकेट आणि एवढंसं यान का?' हा प्रश्न दर वर्षी येतो. बाटलीचा हिशेब केलेल्या मुलांना त्याचं उत्तर आपोआप सापडतं. तिथे पाण्याऐवजी जळलेल्या इंधनाचा वायू मागे फेकला जातो, आणि ढकलायला हवा नसली तरी काम चालतं, हेही त्यांना लोंबत्या पाईपवरून पटलेलं असतं.

हवेला वजन असतं हे नुसतं सांगू नका, दाखवा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवा, पंक्चरवाले बसवून देतात. बाटली साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, वजन लिहा, ३० पीएसआय हवा भरा, परत ठेवा. काटा चार-पाच ग्रॅम जास्त दाखवतो. मुलं स्वतः दोन-तीनदा करून बघतात, हवा सोडून परत ठेवतात. आठवीच्या 'बल व दाब' प्रकरणातला वातदाब शिकवताना मी याच बाटलीपासून सुरुवात करतो.

दाबाचा हिशेबही याच रॉकेटवर करून घ्या. आमच्याकडच्या मुलांना पीएसआय नवा नाही. मोटरसायकलमध्ये हवा भरताना 'तीस मारा' हे त्यांनी शंभरदा ऐकलंय. तीस म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. ३० पीएसआय म्हणजे साधारण २ लाख पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला २ लाख न्यूटन. बाटलीचं तोंड आतून साधारण २२ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की बुचावरचं बल येतं ७६ न्यूटन, म्हणजे पावणेआठ किलो वजनाइतकं. आमच्याकडे द्राक्षाची पेटी ४ किलोची, म्हणून मुलं लगेच म्हणतात, दोन पेट्या! मग त्यांनाच बाटलीच्या बुडाचा हिशेब करायला लावा. क्षेत्रफळ अंदाजे ९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १,८०० न्यूटन, जवळजवळ १८० किलो. दाब दोन्हीकडे तोच, बल मात्र वेगळं. दाब आणि बल यांतला फरक मी पूर्वी व्याख्या पाठ करून घेऊन शिकवायचो, तो टिकायचा नाही. बुडावर १८० किलो बसलेत हे कळल्यावर मुलं तो विसरत नाहीत, आणि पंप मारणाऱ्यानं बाटलीवर वाकायचं नाही हेही वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नपत्रिकेत न आलेली पण मुलांच्या डोक्यात नक्की असलेली दुसरी चूक. मुलांना विचारा, रॉकेट निम्म्या उंचीवर असताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? बाण काढा. जवळजवळ सगळा वर्ग वरच्या दिशेनं मोठा बाण काढतो. 'वर जातंय म्हणजे वर ढकलणारं बल असणारच', आणि 'ते संपलं की खाली येतं'. जमिनीला ढकलण्याच्या चुकीपेक्षा ही चूक जास्त खोल रुतलेली असते. बीएस्सी झालेल्या माणसांच्या चित्रांतही मी हा बाण पाहिलाय.

यावर उपाय मोबाईल. बहुतेक बऱ्या मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन असतो. मोबाईल दहा-बारा मीटरवर स्टुलावर पक्का ठेवा, रॉकेटच्या मागे दर अर्ध्या मीटरला रंगीत पट्टी मारलेला बांबू उभा करा. व्हिडिओ वर्गात टीव्हीवर लावून चित्रं एकेक करत पुढे न्या. पाण्याची धार सुरू झाली तिथपासून संपेपर्यंत मुलांनी मोठ्यानं मोजायचं. साधारण २४ चित्रं होतात. २४ भागिले २४०, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आणि तेव्हा रॉकेट कुठे आहे? बांबूवर बघा, जमिनीपासून साधारण मीटरभर. सगळं पाणी तिथेच संपलं, उरलेली हवाही लगेच सुटली. पुढचे पंचवीस-तीस मीटर रॉकेट कुणीही न ढकलता गेलं.

हे पाहिल्यावर वर्गात शांतता पसरते. एक मुलगा म्हणाला होता, "मग सर, वर न्यायला कोण होतं?" मी उलट विचारलं, बाउंड्रीवरून चेंडू फेकतोस, तो स्टंपापर्यंत येतो, तेव्हा तुझा हात त्याच्यामागे धावतो का? त्याला मिळालेली गती त्याच्यापाशी राहते, गुरुत्वाकर्षण आणि हवा ती हळूहळू काढून घेतात. वर जाताना दोन्ही बाण खालीच. आता बाणांचं चित्र परत काढायला लावा आणि पहिलं चित्र खोडू देऊ नका. वहीत दोन्ही शेजारी राहिली पाहिजेत.

बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही एकदा केलेलंच आहे. बाटली फक्त गॅसवाल्या कोल्ड्रिंकची. साध्या पाण्याची बाटली दाबासाठी बनवलेलीच नसते, ती वापरायची नाही. पंख सनपॅक शीटचे, तीन किंवा चार, मागच्या बाजूला. निवडणुकीनंतर असे फलक पडलेले असतात, ते आणा. टोकाला प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून आत मूठभर चिकणमाती. तयार रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडेल, आडवं किंवा उलटं फिरलं तर टोकाला माती वाढवा नाहीतर पंख मोठे करा. ही परीक्षा गटांनी स्वतः करायची, पास झाल्याशिवाय उड्डाण नाही. मुलं माती वाढवतात, परत फिरवतात, यातच गुरुत्वमध्य शिकून होतो.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं सांगेन. रबरी बूच घट्ट दाबून हवा भरायची, ही पद्धत पहिल्या दिवसाला ठीक. पण बूच किती घट्ट बसलं यावर ते २० ला सुटेल का ३५ ला हे ठरतं, आणि मग 'पाणी बदललं म्हणून उंची बदलली' असं म्हणता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या. प्रयोग करायचा असेल तर सुटायची वेळ आपल्या हातात हवी. अर्धा इंची यूपीव्हीसी पाईप बाहेरून २१ मिलिमीटरच्या वर असतो, तो बाटलीच्या तोंडात नेमका जातो. रबरी रिंग बसवली की हवा गळत नाही. पाईपभोवती दहा-बारा केबल टाय असे बांधायचे, की त्यांची डोकी बाटलीच्या गळ्यावरच्या कड्याला अडकतील. त्यांच्यावरून दीड-दोन इंची पाईपचा तुकडा खाली-वर सरकेल असा घालायचा आणि त्याला दोरी लावायची. दोरी ओढली, तुकडा खाली आला, टाय मोकळे झाले, रॉकेट सुटलं. गेज असलेला सायकलचा उभा पंप दुसऱ्या बाजूला. पंप सोडला तर माझा खर्च पाचशे-सहाशे रुपयांच्या वर कधी गेला नाही, आणि एक स्टँड सहा-सात वर्षं चालतो.

सुरक्षेचं मी कानाला खडा लावून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गटानं पंख गरम गोंदाच्या गननं चिकटवले होते. छान दिसत होते, मीच शाबासकी दिली. गरम गोंदानं बाटलीचा प्लॅस्टिक तिथे मऊ पडून कमजोर झालाय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ३५ च्या आसपास बाटली स्टँडवरच फुटली. पंप मारणारा मुलगा चार मीटरवर होता. त्याला लागलं नाही, पण बराच वेळ त्याच्या कानात दडे बसले होते आणि मला त्या रात्री झोप आली नाही. त्यानंतर गरम गोंद बंद, फक्त टेप. पंपाची नळी दहा मीटर, बाकीची मुलं त्याहून मागं, पंप मारणाऱ्याला चष्मा. दाब ४० च्या वर कधीच नाही, कितीही हट्ट केला तरी. दर बाटलीवर उड्डाणांच्या रेघा मारायच्या, पंधरा झाल्या किंवा पांढरी चरी दिसली की ती बाद. हवा भरल्यावर रॉकेट सुटलं नाही तर कुणी जवळ जायचं नाही, हवा पंपाकडूनच सोडायची, म्हणून तिथे एक व्हॉल्व्ह ठेवा. आणि रॉकेट विजेच्या तारेवर किंवा डीपीत अडकलं तर ते गेलं असं समजायचं. हे वाक्य मी उड्डाणाआधी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतो.

उंची मोजायला त्रिकोणमिती लागत नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि नट बांधा, वरच्या कडेला स्ट्रॉ चिकटवा. रॉकेटपासून ३० मीटरवर उभं राहून स्ट्रॉमधून सर्वांत वरचा बिंदू पकडायचा, दोरा बोटानं दाबायचा. स्ट्रॉ आडवा असताना दोरा ९० वर असतो, तिथून तो किती सरकला ते वाचायचं. समजा ४० अंश आला. वहीत १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर असं प्रमाण घेऊन ६ सेंटिमीटरची आडवी रेघ, टोकाला ४० अंशांचा कोन, दुसऱ्या टोकावरून उभी रेघ. ती ५ सेंटिमीटर भरते, म्हणजे २५ मीटर, अधिक मुलाच्या डोळ्यांची उंची. एका उड्डाणाला तीन मुलांनी मोजायचं. त्यांचे आकडे जुळत नाहीत आणि ते भांडतात. भांडू द्या, सरासरी का घ्यायची हे त्यांना तेव्हाच पटतं.

वेळेचा प्रश्न तुम्हालाही असणार. ३५ मिनिटांच्या तासात मैदानावरचं काम होत नाही. मी खेळाच्या सरांशी बोलून दोन तास जोडून घेतो आणि सकाळी पहिल्यांदा उडवतो, कारण दहानंतर वारा सुटतो. ४५ चा पट असेल तर पाच-पाचचे नऊ गट. प्रत्येकाला काम: भरणारा, पंप मारणारी, दोरी ओढणारा, मोजणारी, लिहिणारा. दर उड्डाणाला कामं फिरवायचीच. नाहीतर मुलगे पंप धरतात आणि मुलींच्या हातात वही राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि दर वर्षी मोडून काढतो.

परीक्षेत 'रॉकेट वर का जाते?' असा प्रश्न आता मी विचारत नाही, त्याचं पाठ उत्तर येतं. विचारतो असं: 'जमिनीऐवजी खोल विहिरीच्या तोंडावर, जाळीवर स्टँड ठेवला, पाणी थेट विहिरीत पडतंय, तर रॉकेट कमी उंच जाईल, तेवढंच जाईल की जाणारच नाही? कारण लिहा.' गेल्या वर्षी ४३ पैकी ३१ मुलांनी 'तेवढंच' लिहून कारणही बरोबर दिलं. त्यातल्या कित्येकांनी लोंबत्या पाईपची आकृती काढली होती, मी ती मागितली नव्हती.

राहिलं तुमचं लहान मैदान. दोन लिटरची बाटली सोडून द्या, पाव लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या आणि दाब २० वर ठेवा. तेही अडचणीचं असेल तर दोन झाडांमध्ये ताणून नायलॉनची दोरी बांधा, बाटलीला वरून दोन स्ट्रॉ चिकटवून दोरीत ओवा आणि रॉकेट आडवं सोडा. पलीकडच्या टोकाला जुनी गादी किंवा गवताचा भारा बांधा, आणि दोरीच्या दोन्ही टोकांच्या मागं कुणाला उभं करू नका. आडव्या बाटलीत पाणी तोंडाशी राहत नाही, म्हणून दोरीला तोंडाकडच्या बाजूनं थोडा उतार द्या. अशा रॉकेटचं पाणी मागं हवेत फवारलं जातं, जमिनीचा तिथे संबंधच येत नाही. तुमच्या मुलांनी जे उत्तर लिहिलं, ते बघता कदाचित त्यांनी उभं रॉकेट उडवण्याआधी हेच करणं बरं. पाईप आणि एल्बो मात्र त्याच्याही आधी. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या आठवड्यात तो तास घ्या, आणि मुलांचे अंदाज काय आले ते मला कळवा.